माकलीच्या अंगातलं इंजिन

(पनवेल येथे विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



तुमच्यापैकी किती जणांनी घरी माकली साफ केली आहे? कुणी तिला माकुल म्हणतं. हात वर करा, लाजू नका. आज त्याच हातांचं काम आहे.

लहानपणी अम्मीशेजारी बसून मी खूप माकल्या साफ केल्या. पिशवीसारखं पोकळ अंग, आत पारदर्शक काटा, डोक्याखाली छोटीशी नळी. ती नळी मी कितीदा तरी कापून फेकली. शाळेत मात्र न्यूटनचा तिसरा नियम घोकून पूर्ण गुण मिळवले. त्या नळीचा आणि या नियमाचा संबंध मला फार उशिरा कळला. तुम्हाला तो आजच कळावा म्हणून हा पाण्याचा टब आणला आहे.

माकली अंगाच्या पिशवीत पाणी भरून घेते, पिशवीची कड मिटते आणि अंग जोरात आवळते. पाणी नळीतून सुटतं, माकली उलट दिशेला झेपावते. नळी वळवली की तिची दिशा बदलते. शत्रूपासून पळताना हा झटका कामी येतो. सावकाश फिरताना ती परांचीही मदत घेते. जेलीफिशही छत्री आवळून, पाणी मागे ढकलूनच पुढे सरकतो.

आता आपली माकली बनवू. फुग्यात पाणी भरा. त्याच्या तोंडात स्ट्रॉ घालून रबरबँडने घट्ट बांधा. स्ट्रॉचं टोक बोटाने दाबून फुगा टबात ठेवा आणि बोट काढा. कपडे थोडे भिजतील, चालेल! नंतर स्ट्रॉ वाकवून पाहा. मग जाड स्ट्रॉ लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक प्रयोग तीनदा करा, पट्टीने अंतर मोजा.

फुगा का पळतो? धार टबाच्या भिंतीला ढकलते म्हणून, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. मग हा हवेचा फुगा दोरीवर सोडून बघा. मागे भिंत नाही, तरी तो पळतो. फुगा आतल्या हवेला मागे ढकलतो, तेव्हाच ती हवा फुग्याला पुढे ढकलते. हाच नियम न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात मांडला. पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. तिथून उडणारं जेट विमानही हवा मागे फेकूनच पुढे जातं.

एकच अट आहे. बोट काढण्याआधी आपला अंदाज वहीत लिहायचा. तो चुकला तर खोडायचा नाही, शेजारी काय घडलं ते लिहायचं. मी नियम पाठ केला होता, पण अंदाज कधी लिहिला नाही; म्हणून माझी चूक मला वर्षानुवर्षं दिसलीच नाही.

चला, पहिला गट पुढे या. जाड स्ट्रॉचा फुगा जास्त लांब जाईल की बारीक स्ट्रॉचा? आधी लिहा.