फिका चहा

मी बदली शिक्षक. बी.ए. झालो, बी.एड. राहून गेलं, त्यामुळे कायम कुठंच झालो नाही. कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कोणी आजारी पडलं, की जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या खासगी शाळेतून बोलावणं येतं. एरंडोल, पारोळा करीत एसटीनं जायचं, दुसऱ्याच्या वर्गाला मराठी शिकवायचं आणि खुर्चीचा मालक परतला की निघायचं.

अशा माणसाला नाही म्हणण्याची सोय नसते. कोणाला मुलगा झाला, पेढा घ्या. संक्रांतीला तिळगूळ घ्या. आखाजीला घरून आणलेली खापरावरची पुरणपोळी घ्या. नको म्हटलं की नवे सर शिष्ट ठरतात. त्यातून माझं नाव मुसलमानी. 'आमच्या हातचं यांना चालत नाही की काय' अशी शंका कोणाला येऊ नये, म्हणून मी समोर येईल ते खात गेलो.

मग मोठ्या भावाच्या पायाचा अंगठा काढावा लागला. कारण मधुमेह. मीही रक्त तपासलं. तीनेक महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी ६.२ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून पुढं रोगाचं घर. डॉक्टर म्हणाले, "आधी साखर सोडा."

घरी हिशेब मांडला. दिवसाला सहा कप चहा, कपाला दोन चमचे. चमचा चार ग्रॅमचा धरला तर ४८ ग्रॅम, तीही नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सुचवलेली उत्तम मर्यादा आहे साधारण २५ ग्रॅमची. गूळ घेतला म्हणून सुटका नाही. आपली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर, युरोप फिरून इंग्रजीत शुगर. आता ती रोगाचं नाव होऊन घरी परतली आहे: "त्यांना शुगर आहे."

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, चौथ्या तासाला मुलांवर उगाच ओरडायचो. ईदला घरात शीरखुर्मा शिजला, मी दोन चमच्यांवर थांबलो.

शाळेत शिपाईमामांना फिका चहा सांगितला होता. एके दिवशी त्यांनी माझ्यापुढं वेगळा कप ठेवला. कानाला लाल दोरा बांधलेला. वेगळा कप! आपल्या मुलखात वेगळ्या कपाचा अर्थ काय होत आला, ते मी सांगायला नको. चहा घशाखाली उतरेना. पुढचा तासही धड झाला नाही. शाळा सुटल्यावर धीर करून विचारलं, "मामा, हा दोरा कशाला?"

"सर, हाऊ तुमना फिका. गोड चहात मिसळू नये म्हणून दोरा बांधला."

मी खजील झालो. माझ्या मनात काय आलं होतं, ते त्यांना सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतो आहे.

तीन महिन्यांनी आकडा ५.८ वर आला. त्याच आठवड्यात रजेवरच्या बाई परतल्या आणि माझं काम संपलं. निघताना मामांचा निरोप घ्यायला गेलो. फळीवर दोरा बांधलेले दोन कप होते.

"दुसरा कोणाचा?"

"मना," मामा म्हणाले. "मीबी तपासून आलो सर."