वहीपासून पुस्तकापर्यंत

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षभरात आपल्यापैकी अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि तो संगणकाबद्दल नव्हता. ‘पुस्तक काढायचं तर काय करावं लागतं?’ कोणाच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून ठेवल्या आहेत. कोणी कविता केल्या आहेत. एकाने वीस वर्षांच्या शेतीच्या नोंदी ठेवल्या आहेत. आणि समोर बसलेल्या आपल्या शिक्षकांपैकी निदान दोघांच्या कपाटात पूर्ण झालेलं हस्तलिखित आहे, हेही मला माहीत आहे. नावं सांगत नाही, सर, काळजी करू नका.

मला विचारतात याचं कारण एवढंच, की चार वर्षांपूर्वी मी माझ्या सासऱ्यांचं पुस्तक तडीला नेलं. ते एसटीत वाहक होते. निवृत्तीनंतर त्यांनी सात वह्या भरून आठवणी लिहिल्या. मी सॉफ्टवेअरवाली, साहित्यिक नाही. पण त्या कामातून एक गोष्ट पक्की समजली: मजकूर आणि हक्क या दोनच गोष्टी खऱ्या अर्थाने लेखकाच्या हातात असतात. त्या सांभाळल्या तर छपाई, मुखपृष्ठ, विक्री हे सगळं पुढेमागे जमवता येतं. त्या सुटल्या तर मात्र पैसे मोजूनही परत येत नाहीत.

आधी मजकूर. बाबांच्या पहिल्या वहीत चाळीस पानं घराण्याचा इतिहास होता. वाचताना मीही पेंगत होते. दुसऱ्या वहीत मात्र एका पावसाळ्यातली रात्र होती. घाटात दरड कोसळून गाडी अडकलेली, प्रवाशांनी आपापल्या भाकऱ्या एकत्र केलेल्या, आणि एका बाळंतिणीसाठी मागचं लांब बाकडं रिकामं केलेलं. शेजारच्या निवृत्त शिक्षिकांनी दोन्ही वाचलं आणि म्हणाल्या, ‘इथून सुरू करा. घराणं मागे जाऊ द्या.’ बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘बाई बरोबर सांगताहेत.’

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की पुस्तक छापण्याआधी ते तीन माणसांना वाचायला द्या. एक, तो विषय जाणणारा. दुसरा, विषयाचा गंध नसलेला. तिसरा, ऱ्हस्व-दीर्घ पक्कं असलेला. आणि त्यांना ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. सगळे ‘छान’ म्हणतात. ‘कुठे कंटाळा आला? कुठे समजलं नाही?’ असं विचारा. आमच्या धंद्यात प्रोग्रॅम लिहिणारा स्वतःच तो तपासत नाही, कारण त्याला स्वतःची चूक दिसत नाही. लेखकाचंही तसंच असतं. मुद्रितं तपासताना मोठ्याने वाचा. डोळ्यांना न दिसलेली चूक जिभेला अडते.

आता टायपिंग. हा माझा प्रांत आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मराठीत वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी झाली. त्या फाइली त्या फॉन्टशिवाय उघडल्या की अक्षरांऐवजी नुसता गिचमिडा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये आहे का, हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे त्यातला एक परिच्छेद कॉपी करून मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवा. तिला नीट वाचता आला तर युनिकोड. नाही आला तर टायपिस्टला आत्ताच सांगा, शेवटी नाही. बाबांचे डोळे अधू झाले होते, म्हणून शेवटच्या दोन वह्यांचा मजकूर त्यांनी फोनवर बोलून टाइप केला. मराठी आता फोनला बऱ्यापैकी समजतं. विरामचिन्हं आणि अनुस्वार तेवढे मागाहून बघावे लागतात. लिहायचा कंटाळा असणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी दुसऱ्यांनी उतरवून ठेवली, म्हणून १९५२मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. बोलणाऱ्याजवळ उतरवून घेणारा असला की पुस्तक होऊ शकतं.

फाइलच्या नावात तारीख घाला आणि प्रत तीन ठिकाणी ठेवा: संगणकात, पेनड्राइव्हवर आणि मुलांच्या ईमेलमध्ये. मूळ वही कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.

आता प्रकाशक. प्रकाशकाला हस्तलिखित पाठवण्याआधी त्याची यादी बघा. जो फक्त स्पर्धापरीक्षांची पुस्तकं काढतो, त्याला कवितासंग्रह पाठवून उपयोग नाही. पुस्तकाबद्दल एक पान, अनुक्रमणिका आणि उत्तम जमलेली दोन प्रकरणं एवढं पुरतं. त्याआधी एखादं प्रकरण दिवाळी अंकाला पाठवून पाहा. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे दार नव्या लेखकांना उघडं आहे. मात्र साहित्य पावसाळ्यातच पाठवा, नवरात्रात नाही. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे. तिचे नियम मागवून वाचा.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर हे भाषण करायला तयार झाले, तो मुद्दा. बाबांना एका संस्थेचा फोन आला. पलीकडून ‘आदरणीय लेखक’ असं संबोधन, पुस्तकाचं तोंड भरून कौतुक, आणि मग पॅकेज. बाबा निवृत्तीच्या पैशांतून द्यायला तयार होते. आयुष्यभर ‘ओ मास्तर, सुट्टे द्या’ ऐकलेल्या माणसाला पहिल्यांदा कोणी लेखक म्हणालं होतं. मला त्यांचं मन मोडवेना. ते म्हणाले, ‘सूनबाई, सही करण्याआधी तू एकदा कागद वाच.’ मी वाचला. सर्व भाषांतले सर्व हक्क कायमचे त्यांच्याकडे. आयएसबीएनचे पैसे वेगळे. शिवाय पाचशे प्रती लेखकानेच विकत घ्यायच्या. मजकूर न वाचताच कौतुक झालं होतं, हेही उघड होतं, कारण कराराच्या मसुद्यात पुस्तकाचा प्रकार ‘कादंबरी’ असा लिहिला होता. हे दाखवल्यावर बाबा आधी हिरमुसले, मग हसले. सही झाली नाही.

तेव्हा कायदा वाचला, तो थोडक्यात सांगते. आपला प्रताधिकार कायदा १९५७चा आहे. तुम्ही लिहिलंत की हक्क आपोआप तुमचा होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे तो तुमच्या नातवंडांचाही आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून करारात चार गोष्टी शोधा: कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कुठे, आणि मानधन किती व कधी. छापील पुस्तकाचा हक्क देताना अनुवाद, ऑडिओ, ई-बुक आणि चित्रपट यांचे हक्क आपल्याकडे ठेवता येतात. ‘कायमचे’ आणि ‘सर्व’ हे दोन शब्द दिसले की पेन खाली ठेवा आणि माहीतगाराला विचारा. आपल्या वर्गात दोन वकील आहेत, त्यांना मी आधीच सांगून ठेवलं आहे.

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा १३ आकडी ओळखक्रमांक. आपल्या देशात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी देते आणि त्यासाठी शुल्क घेत नाही. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यालाही अर्ज करता येतो. त्याने हक्क मिळत नाही किंवा पुस्तक चांगलं ठरत नाही. ते फक्त ओळखता येतं. गणिताच्या सरांसाठी एक गंमत. पहिल्या आकड्यापासून आलटून पालटून १ आणि ३ने गुणून बेरीज करा. उत्तर १०च्या पटीत आलं नाही तर क्रमांक चुकला आहे. शेवटचा आकडा त्यासाठीच असतो.

छपाईचा हिशेब फर्म्यात होतो. आमच्या मुद्रकाकडे १६ पानांचा एक फर्मा होता. बाबांचं पुस्तक १८१ पानांचं होत होतं. पाच पानं कमी केली आणि ते बरोबर ११ फर्म्यांत, १७६ पानांत बसलं. नाहीतर बारावा फर्मा जवळजवळ कोरा गेला असता. हे मुद्रकाला आधीच विचारा. डिजिटल छपाईत शंभर प्रतीही निघतात. ऑफसेटवर प्रती वाढल्या की प्रत स्वस्त पडते. पण स्वस्त पडते म्हणून हजार छापू नका. गठ्ठे कॉटखाली जातात आणि घरातले बोलू लागतात. आम्ही १२० प्रती काढल्या. बऱ्याचशा बाबांच्या डेपोतल्या जुन्या सहकाऱ्यांनीच घेतल्या.

पुस्तक निघाल्यावर एक कर्तव्य उरतं. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. तुम्ही स्वतः प्रकाशक असाल तर हे काम तुमचं. बाबांची पावती फ्रेम करून भिंतीवर आहे. ते म्हणतात, ‘आयुष्यभर मी लोकांची तिकिटं फाडली, ही माझी पावती.’

तर कपाटात हस्तलिखित असलेल्या सरांना आणि बाईंना माझी विनंती आहे. टायपिंगला आणि मुद्रितं तपासायला आम्ही विद्यार्थी आहोत. आमच्या निबंधांवर तुम्ही जेवढी लाल शाई खर्च केलीत त्याची थोडीफार परतफेड करू द्या. आणि मित्रमैत्रिणींनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं असेल ते या सुट्टीतच विचारून उतरवून घ्या. पुढच्या मेळाव्याला प्रत्येकाने निदान दहा पानं आणा. पुस्तक झालंच तर पहिली प्रत आपल्या शाळेच्या ग्रंथालयाला द्या. तिथलं नोंदणीचं रजिस्टर अजून हातानेच लिहितात, मी आज सकाळी बघून आले.