पोकळ कड्याची किंमत



आमच्या हातात हे जे काळे कडे आहे त्यात काच नाही, तार नाही, काही नाही. आरपार बोट जाते. त्याची किंमत ऐकून आमच्या घरातून प्रश्न आला, "एवढे पैसे पोकळीचे?" प्रश्न रास्त होता. आजचे भाषण म्हणजे त्याचे जरा लांबलेले उत्तर समजावे.

आमचे चुलते मुंबईत जाहिरातींची छायाचित्रे काढीत. त्यांचा कॅमेरा हॅसेलब्लाड ५०० सी. हा नमुना स्वीडनमध्ये १९५७ साली निघाला. निवृत्तीनंतर ते रत्नागिरीस गेले, कॅमेरा नादुरुस्त झाला, आणि त्याची ८० मिलिमीटरची प्लॅनार लेन्स कातडी पेटीत घालून कपाटात पडली. भंगारात जायची ती आमच्याकडे आली.

त्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असे. तो उचलला जाण्यास जागा हवी, म्हणून लेन्स टेकते तेथपासून फिल्मपर्यंतचे अंतर ७४.९ मिलिमीटर ठेवलेले होते. फुजीचे जीएफएक्स जातीचे कॅमेरे २०१७ पासून बाजारात आले. त्यांत फिल्मच्या जागी सेन्सर आहे, आरसा नाही, आणि हे अंतर अवघे २६.७ मिलिमीटर आहे. वजाबाकी करा. ४८.२ उरतात, तेवढीच ह्या कड्याची लांबी. जुनी लेन्स पूर्वी जेवढ्या अंतरावर उभी होती तेवढ्यावरच तिला पुन्हा उभे करायचे. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर मात्र बसत नाही. ती आरशाच्या जागेत घुसवावी लागेल.

आता किमतीचे. हे कडे एक दशांश मिलिमीटरने लांब भरले, तर ८० मिलिमीटरची लेन्स सुमारे ६४ मीटरांपलीकडचे काहीच नीट रेखीव दाखवू शकत नाही. समोरचे देऊळ स्वच्छ, मागचा डोंगर कायम धूसर! म्हणून पुष्कळ कारागीर कडे मुद्दामच किंचित आखूड कातून ठेवतात. मग डोंगर सापडतो, पण लेन्सवर कोरलेल्या अंतराच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. पडद्यावर चित्र मोठे करून डोळ्यांनीच जुळवावे लागते.

पहिल्या संध्याकाळी आमची मात्र फजिती झाली. घरची सारी मंडळी ओळीने बसवली, आणि बाराच्या बारा चित्रे काळीकुट्ट. ह्या लेन्सच्या पोटात स्वतःचे शटर असते, आणि ते चढवलेले नसले तर मिटलेले राहते, हे आम्ही विसरलो होतो. मागच्या खाचेत पेचकस घालून ते चढवले तेव्हा उजेड पडला.

फिल्मवरचे चित्र ५६ मिलिमीटर चौरस होते. ह्या सेन्सरची मापे ४३.८ आणि ३२.९. म्हणजे लेन्स पूर्वीइतकेच ताट वाढते, आपण मधलेच जेवतो. पण उरलेले वाया जातेच असे नाही. लेन्स थोडी वर सरकवता येईल असेही कडे मिळते. त्याने कॅमेरा मान वर न करता देवळाचे शिखर चित्रात घेता येते आणि भिंती आत झुकत नाहीत. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याच्या लेन्सचे उलट. तिचे ताटच लहान, त्यामुळे पुष्कळदा कोपरे काळे पडतात. त्यालाही कला म्हणणारे आहेत. असोत!

जुन्या लेन्सला आत्मा असतो, असे हल्ली फार ऐकू येते. आम्हाला तो सापडलेला नाही. सापडले ते हे: काचेवरचा जुना लेप आजच्याइतका कसदार नाही, म्हणून समोरून उजेड आला की आत विखुरतो आणि सावल्या फिकट होतात. वृद्धाच्या चेहऱ्याला हे शोभते, कापडाच्या जाहिरातीला नाही.

आमच्या लेन्समध्ये आणखी एक गोष्ट होती: बुरशी. कोकणातले पावसाळे आणि ओल धरणारे कातडे! काच साफ करून घेतली, तरी लेपावर कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग राहिले आहेत ते राहिलेच. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी पेटी असेल तर लेन्स तीतून आजच बाहेर काढावी आणि हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

याच लेन्सने आम्ही चुलत्यांचे चित्र काढले. त्यांनी ते पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाले, "डाव्या डोळ्यावर नेम धरायला हवा होतास." नेम खरोखरच कानावर होता.

आता कडे आणि लेन्स पहिल्या रांगेपासून फिरवतो. मागच्या काचेला मात्र कृपा करून बोट लावू नये.