दार पूर्ण उघडावे म्हणून
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या सुतारकामावर जगत आला. संमेलनात शिक्षणनिधीचा, वधूवरमेळाव्याचा विचार होतो आणि तो व्हावयासच हवा. आज मात्र आपल्या हातातील विद्येचा एक लहानसा विषय आम्ही आपणांपुढे मांडीत आहोत. तो म्हणजे जड दाराची बिजागरी.

जुन्या वाड्यांतील थोरले दार कडेला वरखाली राखलेल्या खुंटांवर फिरे. खालचा खुंट दगडी खळग्यात बसे आणि भार सरळ जमिनीत जाई. बिजागरी आली आणि उभे असलेले दार टांगलेले झाले. 210 सें. मी. उंच, 105 सें. मी. रुंद व 5 सें. मी. जाड असे भरीव सागवानी दार सुमारे 70 किलो भरते. वरच्या व खालच्या बिजागरीत दीड मीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीला चौकटीपासून उपटू पाहणारी ओढ सुमारे 25 किलोची असते. म्हणून अशा दाराला तीन बिजागऱ्या हव्यात. दोन लावून तिसरीचे पैसे वाचविणे ही काटकसर नव्हे.

परंतु भार पेलला म्हणजे काम संपले असे नाही. दार काटकोनात अडले, तर त्याची जाडी वाटेतच उभी राहते. दोन झडपा असल्या तर 10 सें. मी. वाट गेलीच, कडीकोयंडा आणखी अडवितो. एरवी हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण आजाऱ्याला खाटेसकट बाहेर न्यावयाचे असते, चाकाची खुर्ची आत घ्यावयाची असते किंवा घरातील वडील माणसाला चौघांच्या खांद्यावरून अखेरचे निघावयाचे असते, तेव्हा त्या चार बोटांचे मोल कळते. त्या घटकेला कोणी सुताराला बोलावीत नाही.

दार भिंतीला टेकेपर्यंत फिरावे, यासाठी हिशेब सोपा आहे. दाराच्या पृष्ठभागापुढे चौकटीची पट्टी किंवा भिंत जितकी आली असेल, तिच्या निम्म्याहून किंचित अधिक अंतरावर बिजागरीच्या पिनेचा मध्य बाहेर आला पाहिजे. पट्टी अडीच सें. मी. पुढे असेल, तर पीन सव्वा सें. मी.हून थोडी अधिक बाहेर हवी. तेथे रुंद पात्यांची साधी बिजागरी पुरते. भिंत 10 सें. मी. पुढे असेल, तर पीन 5 सें. मी.हून अधिक बाहेर काढावी लागते. तेथे इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची पार्लमेंट बिजागरीच घ्यावी. तिची पीन दूर असल्याने स्क्रूंवर ताण अधिक येतो. म्हणून तिचे पाते जाड हवे व स्क्रू लांब हवेत. चौकट भिंतीत खोल गेलेली असेल, तर मात्र कोणतीही बिजागरी तारणार नाही. यास्तव गवंड्याने चौकट उभी करण्यापूर्वीच, गिलाव्याची जाडी धरून, हे माप ठरले पाहिजे. घरमालक बोलावील तेव्हा जाऊ, ही रीत येथे उपयोगाची नाही.

तरुण बंधूंना आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. स्क्रू हातोडीने ठोकू नयेत; लाकडाचे तंतू फाटतात व पकड जाते. आधी बारीक गिरमिटाने भोक पाडावे आणि मग तो पिळून बसवावा. तसेच सर्व बिजागऱ्यांच्या पिना एका ओळंब्यात याव्यात. एक जरी तिरकी बसली, तरी दार कुरकुरते आणि दोष लाकडाला दिला जातो.

आज तयार दारे बाजारात मिळतात; परंतु भिंत पाहून बिजागरी निवडणारी नजर त्यांच्याबरोबर मिळत नाही. ती नजर आपण आपल्या मुलांच्या हाती दिली, तर लोक दार कोठूनही आणोत, ते बसविण्यास आपल्यालाच बोलावतील.