सैल पिन आणि बंद कव्हर

(युवा शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'वैज्ञानिक दृष्टिकोन' हा विषय दिला होता. या विषयाची एक ठरलेली वाट आहे. गॅलिलिओपासून निघायचं आणि राज्यघटनेच्या 51 अ कलमापाशी येऊन थांबायचं. ते भाषण तुम्ही ऐकलेलं आहे. शिवाय मघाशी ओळख करून देताना समोरच्या निम्म्या मुलांनी सांगितलं, अब्बांचं गॅरेज आहे, मामूंचा ट्रक आहे, भाई डिझेल पंपाचं काम करतो. मग म्हटलं, आज एका पिनेबद्दल बोलावं. माझी पदवी मेकॅनिकलची आणि पोट सॉफ्टवेअरवर, पण या पिनेने मला जे शिकवलं ते दोन्हीकडे उपयोगी पडलं.

अमेरिकेत 1989 पासून डॉज कंपनीच्या रॅम नावाच्या पिकअप ट्रकमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन येऊ लागलं. या घराण्याला बी सिरीज म्हणतात. कमिन्स हे नाव तुम्हाला परकं नाही. पुण्यात 1962 पासून कंपनी आहे, आणि याच घराण्याची इंजिनं जमशेदपूरला बनून टाटांच्या ट्रकमध्ये बसली. कर्वेनगरला 1991 साली निघालेल्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही हेच नाव आहे. मागे बसलेल्या मुलींनी ते लक्षात ठेवावं.

इंजिन जबरदस्त. टायमिंग बेल्ट नाही, म्हणजे बेल्ट तुटायची भीती नाही. पुढच्या बाजूला क्रँकचा गिअर, कॅमचा गिअर, डिझेल पंपाचा गिअर, सगळे लोखंडी दात एकमेकांत अडकलेले. लाखो मैल चालतं. आणि या इंजिनात एक दोष आहे, जो त्याच्या मालकांना पक्का माहीत आहे.

हे गिअर ज्या अॅल्युमिनियमच्या घरात बसतात, ते घर ब्लॉकला बोल्टने आवळलेलं असतं. ते नेमक्या जागी बसावं म्हणून कारखान्यात एक लहानशी पोलादी डॉवेल पिन ठोकतात. जुळणी झाली, बोल्ट आवळले, की पिनेचं मुख्य काम संपलं. पण ती तिथेच राहते, आणि तिला पुढून अडवणारं काही नाही. नुसती घट्ट बसली आहे एवढ्या भरवशावर ती तिथे आहे. इंजिन तापतं, थंड होतं, थरथरतं. असं वर्षानुवर्षं होत राहतं आणि पिन केसाकेसाने बाहेर सरकते. एक दिवस सुटते.

सुटल्यावर काय होईल ते नशिबावर. कधी ती गिअरच्या बाजूने सरळ खाली ऑइल चेंबरमध्ये पडते आणि वर्षानुवर्षं तळाशी पडून राहते. पुढे कुणी दुसऱ्या कामासाठी चेंबर उतरवला, की सापडते. कधी कॅमचा गिअर तिला पकडतो आणि अॅल्युमिनियमचं घर फोडतो. ऑइल रस्त्यावर. ते घर बदलायचं तर कॅमशाफ्ट बाहेर काढावा लागतो. आणि कधी पिन दातांमध्ये जाते. गिअर मोडला, टायमिंग हललं, वॉल्व्ह पिस्टनवर आदळले, इंजिन गेलं. मालकांनी तिचं नावच किलर डॉवेल पिन ठेवलं. 1998 पर्यंतच्या 12 वॉल्व्हच्या इंजिनांत ही पिन आहे आणि त्यानंतरच्या 24 वॉल्व्हच्या सुरुवातीच्या काही वर्षांतही. नंतर आराखडा बदलून तिला अडवण्याची सोय केली गेली.

आता खरी गोम ऐका. ही पिन सुटण्याआधी काहीच सांगत नाही. आवाज नाही, धूर नाही, ऑइलचं प्रेशर जागच्या जागी. आपले उस्ताद इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावतात आणि बेअरिंग गेलंय की टॅपेट, ते सांगतात. मी त्या कानांना सलाम करतो. पण इथे तो कानही कामाचा नाही. किलोमीटर मोजूनही कळत नाही. कमी चाललेल्या गाडीत सुटते आणि दुप्पट चाललेलीत टिकते. म्हणजे तपासायचं तर कव्हर उघडूनच.

इंडियानात मी दोन वर्षं एका प्रोजेक्टवर होतो, तेव्हा शेजारच्या निवृत्त शेतकऱ्याच्या रॅमवर हे काम होताना पाहिलं. माझं काम बॅटरी धरण्याचं. पंखा काढला, बेल्ट काढला, डॅम्पर पुलीचे चार बोल्ट काढले, मग पुढचं कव्हर. पिन दिसली. तिची ब्लॉकच्या बाजूची पकड अजून होती, पण दोन ज्वारीच्या दाण्यांएवढी ती पुढे आलेली होती. ट्रक त्याच सकाळी बाजाराला जाऊन आला होता. त्याने पिन परत आत बसवली, शेजारच्या एका बोल्टखाली पोलादाची छोटी पट्टी अशी आवळली की तिचं टोक पिनेच्या तोंडावर यावं, आणि बोल्टला लॉकटाइट लावलं. काही जण पट्टी न लावता पिनेभोवतीचं अॅल्युमिनियम पंचने ठोकून तिचं तोंड आवळतात. मला पट्टी जास्त भरवशाची वाटते, कारण ठोकलेलं अॅल्युमिनियम शेवटी मऊच. आतले बाकीचे बोल्टही त्याने एकेक करून तपासले. तेही सैल होतात, आणि बोल्ट सुटून गिअरमध्ये गेला तर तो पिनेपेक्षा दयाळू नसतो.

पट्टी नखाएवढी. बाकी सगळा दिवस तिथपर्यंत पोचण्यात आणि परत बंद करण्यात गेला.

मी त्याला विचारलं, सगळ्यांची पिन पडते का? तो म्हणाला, नाही, बहुतेकांची नाही पडत. मग कशाला एवढा उपद्व्याप? त्याने गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या ट्रॉलीकडे बोट दाखवलं. हायवेवर ती मागे असताना इंजिन बंद पडलं तर, एवढंच तो म्हणाला.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला साधा हिशेब आहे. बिघाडाची शक्यता किती हा एक आकडा, झाला तर नुकसान किती हा दुसरा. दोघांचा गुणाकार करायचा. आपण माणसं मात्र पहिलाच आकडा बघतो. 'माझी गाडी चार लाख चालली, मला काय झालं?' ज्याची पिन पडली तो असं म्हणायला येत नाही, त्याचा ट्रक भंगारात गेलेला असतो आणि तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झालेला असतो. हप्त्यावर घेतलेला एकच ट्रक ज्या घरात आहे, तिथे इंजिन जाणं म्हणजे काय होतं ते या खोलीतल्या मुलांना मी सांगायला नको. मोठ्या बहिणीचं कॉलेज सुटतं, धाकटा भाऊ गॅरेजवर पाठवला जातो. आणि घरात म्हणतात, तकदीर. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, ही गोष्ट आपल्याला लहानपणी मदरशात शिकवतात. मोठेपणी आपण तिचा फक्त दुसरा भाग पाळतो.

इथे थोडं विषयांतर करतो. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने गेले. एका दमात तीनदा तलाक म्हणून बाई रस्त्यावर येते, हे सांगायला. सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्द ठरवली 22 ऑगस्ट 2017 रोजी. मध्ये 51 वर्षं गेली. त्या काळात सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य कोणतं? 'आमच्या ओळखीत तर कुणाचं असं झालं नाही.' तेच ट्रकवाल्याचं वाक्य. निकाहनाम्यात अटी लिहून घेणं, तलाकचा अधिकार बायकोलाही देऊन ठेवणं, हे तेव्हाही करता येत होतं. तफवीज हा शब्द फिक्हच्या जुन्या पुस्तकांत आहे. शेजारच्या बोल्टखाली पट्टी आवळण्याएवढं ते काम होतं. आजही किती घरांत निकाहच्या आधी कागद उघडून वाचला जातो, हे तुम्ही तुमच्या घरात विचारा. जो विचारेल त्याला 'शुभकार्यात अशुभ बोलू नको' हे ऐकायची तयारी ठेवावी लागेल. बंद कव्हर उघडणाऱ्याला सगळीकडे असंच बोलतात.

पण मी दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही उद्या प्रत्येक इंजिन खोलून बसाल. चालतं इंजिन उघडण्यातही धोका आहे. काम करताना एखादा वॉशर आत पडला, तर जी भीती होती ती आपल्याच हाताने खरी होते. म्हणून उघडलेल्या गिअरखाली कापड कोंबायचं आणि काढलेला प्रत्येक बोल्ट मोजून डब्यात ठेवायचा. घाई ज्या कामात परवडत नाही, ते काम ट्रिपच्या आदल्या रात्री काढायचं नाही. आणि दोष माहीत असलेल्या इंजिनावरच हे करायचं. संशय आला म्हणून काहीही खोलणं याला मी विज्ञान म्हणणार नाही.

दोष माहीत कसा होतो, हा पुढचा प्रश्न. तिकडच्या मालकांनी एकमेकांना सांगितलं, फोटो काढले, कुठल्या सालच्या इंजिनात पिन किती सरकली होती ते लिहून ठेवलं. आपल्याकडे ज्ञान कमी नाही, पण ते उस्तादच्या डोक्यात असतं आणि उस्तादबरोबर कब्रस्तानात जातं. शागीर्दाला सुद्धा तो अर्धंच सांगतो, बाजूला गॅरेज टाकेल म्हणून. तुमच्यापैकी ज्यांना लिहिता येतं, त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये एक वही ठेवा. गाडीचं मॉडेल, साल, किलोमीटर, काय मोडलं, मोडण्याआधी काही दिसलं होतं का. एवढे पाच रकाने. वर्षभराने त्याच जागी तोच भाग तिसऱ्यांदा मोडलेला दिसला, तर चौथ्या गिऱ्हाइकाला आधीच सांगता येईल. तो आधी रागावेल, गॅरेजवाला पैसे काढायला बघतो म्हणेल. मग त्याला वही दाखवायची.

कव्हर बंद करण्याबद्दल एक गोष्ट राहिली. पुढचं ऑइल सील नवीनच टाकायचं, जुनं परत बसवायचं नाही. आणि या इंजिनाचं ते सील कोरडं बसवतात. आपल्याला सवय असते सीलच्या ओठाला बोटाने ऑइल लावायची, ती इथे मोडावी लागते. क्रँकचं टोकही पुसून अगदी स्वच्छ आणि कोरडं करायचं, नाहीतर महिन्याभरात गळती सुरू होते. कव्हर आणि क्रँक यांचा मध्य जुळवून मगच बोल्ट आवळायचे. ज्यांच्याकडे बी सिरीजचं जुनं इंजिन आहे, त्यांनी जेवणानंतर मला भेटा. माझ्या फोनमध्ये फोटो आहेत.