गणिताच्या प्राध्यापकाची सेवा कोणत्या मापाने मोजावी?

विद्यापीठातील प्राध्यापकाची कर्तव्ये तीन, असे आपण मानतो: शिकविणे, संशोधन करणे, आणि आपल्या विषयाची व त्यायोगे समाजाची सेवा करणे. पहिली दोन मोजण्याची काही ना काही रीत आहे. तासिका मोजता येतात, शोधनिबंधही मोजता येतात. तिसरे कर्तव्य मात्र मोजणाऱ्यास चकविते; आणि प्राध्यापक गणिताचा असला म्हणजे अधिकच, कारण त्याच्या सेवेचा बराचसा भाग कोणाच्या दृष्टीसच पडत नाही.

दुसऱ्याचा शोधनिबंध प्रसिद्धीपूर्वी तपासून देणे हे त्याचे उदाहरण होय. सिद्धतेची पायरीन् पायरी पडताळण्यात कधी कधी महिनेच्या महिने जातात. तपासणाऱ्याचे नाव गुप्त राहते, मोबदला बहुधा नसतो. आणि मूळातच चूक निघाली तर निबंध छापला जात नाही. म्हणजे काम उत्तम झाले याची खूण कोणती, तर काहीच न दिसणे! रामानुजन यांचा पहिला निबंध 1911 साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. ही संस्था 1907 सालची. तिचा ग्रंथसंग्रह बराच काळ पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात होता. नियतकालिकाचे संपादक, बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक नारायण अय्यंगार, यांनी ते हस्तलिखित पुन्हा पुन्हा परत पाठवून वाचकास कळेल असे करून घेतले. रामानुजन यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. त्या संपादकाच्या श्रमांची नोंद कोणत्या रकान्यात करावी?

रकान्याची गोष्ट निघालीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. अध्यापन व संशोधन यांखेरीजच्या कार्यासाठी वर्षाला किमान 15 गुण मिळविणे आवश्यक झाले. त्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. प्रमाणपत्रांची भेंडोळी जमू लागली. चर्चासत्रात हजेरी लावून दुपारच्या भोजनानंतर परतणाऱ्यासही गुण, आणि तीन दिवस खपून प्रश्नपत्रिकेतील एक सदोष उदाहरण सुधारणाऱ्यास काही नाही. 2018 च्या नियमांनी ही पद्धत बदलली. तीन किंवा अधिक प्रकारच्या कार्यांत भाग घेणारा ‘चांगला’, एकदोहोंत घेणारा ‘समाधानकारक’, असे ठरले. गुण गेले, पण गणती राहिली. ज्यांचा जन्म संख्यांच्या सहवासात गेला त्यांनाच केवळ संख्येने मोजावे, यात थोडा विनोद आहे.

आता सेवेचे दुसरे रूप पाहा. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ या वाचनाबरोबर ‘वीस सात’ असेही वाचन दिले गेले. महाराष्ट्रभर गहजब झाला. विधानसभेतही थट्टा झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन केलेल्या व पुणे विद्यापीठात शिकविलेल्या या विदुषी 2023 साली दिवंगत झाल्या. त्यांनी शांतपणे कारण सांगितले: मूल ‘सत्ता’ आधी ऐकते, म्हणून 7 आधी लिहिते, आणि 27 चे 72 होतात. ज्याने खेड्यातील शाळेत पाट्या तपासल्या आहेत त्यास हे निराळे सांगावयास नको. आमच्या धाराशिव जिल्ह्यात उमरग्याकडे, कर्नाटकाच्या सीमेला, तर याचा पडताळाच मिळतो. कानडीत सत्तावीसला ‘इप्पत्तेळु’ म्हणतात. वीस आधी, सात मागून. जसे उच्चारावे तसेच लिहावे. ‘वीस सात’ कानाला गोड लागत नाही हे मलाही मान्य आहे, आणि ‘सत्तावीस’ मुलास आलेच पाहिजे. परंतु ज्या कार्याचा स्पर्श राज्यातील लाखो बालकांस झाला, ते गणतीच्या तक्त्यात ‘समितीचे सदस्यत्व, एक’ एवढेच दिसेल. लोकांची टवाळी सोसल्याबद्दल तर रकानाच नाही.

धाराशिवास विद्यापीठाचा उपपरिसर 2004 साली आला. आमच्या बाजूच्या महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापकास परदेशी नियतकालिकाचे संपादकत्व क्वचितच मिळेल. तो भूम-परंड्याच्या शाळेत जाऊन पाचवीच्या शिक्षकांसमवेत अपूर्णांकांवर दोन तास बसला, तर ती कमी प्रतीची सेवा का मानावी? अर्थात्, तेथे जाऊन हार घालून घेतला, छायाचित्र काढविले आणि परतला, तर त्यास शून्यच द्यावे. दोन्ही भेटींचे प्रमाणपत्र सारखेच असते, ही खरी अडचण आहे.

यास्तव मला वाटते की, प्राध्यापकाने यादी न देता वर्षातील एकाच कार्याचे सविस्तर निवेदन द्यावे: प्रश्न कोणता होता, आपण काय केले, त्याने काय बदलले. गुप्त परीक्षणाविषयी संपादकाचे पत्र मागवावे. निबंधाचे नाव न सांगताही परीक्षण कसोशीने झाले की वरवर, एवढे तो लिहू शकतो. हे सारे वाचावयास वेळ लागेल, हे खरे. बेरीज करण्यापेक्षा वाचणे नेहमीच महाग पडते. पण एकाच्या बढतीचा आणि दुसऱ्याच्या निराशेचा प्रश्न असताना समितीने एक दिवस खर्चावा, ही मागणी मोठी नव्हे.

आणि शाळांशी संबंधित सेवेचा विचार करताना समितीत एक शाळामास्तरही असावा. त्यास उच्च गणित कळणार नाही. मलाही कळत नाही, मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. पण प्राध्यापक येऊन गेल्यावर सोमवारी वर्गात काय निराळे घडले, हे त्याच्याखेरीज सांगणार कोण?