बर्लिनचे किचनर झाले



कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात किचनर व वॉटर्लू ही एकमेकांस लागून असलेली दोन नगरे आहेत. २०२१ च्या जनगणनेत किचनरची लोकसंख्या २,५६,८८५ आणि वॉटर्लूची १,२१,४३६ होती. विद्यापीठांमुळे त्यांचा लौकिक झाला असला तरी तेथील लोकजीवनाची घडण त्याहून कितीतरी जुनी आहे.

ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांवरील भूमी ब्रिटिश शासनाने १७८४ मध्ये 'सिक्स नेशन्स' या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रसंघास दिली होती. तिचा जेमतेम पाच टक्के भाग आज त्यांच्याकडे उरला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेनसिल्व्हेनियातून मेनोनाइट पंथाचे शेतकरी तेथे आले. पुढे जर्मनीहून कारागीर आले आणि गावास बर्लिन हे नाव मिळाले. शाळा, चर्च व वृत्तपत्रे यांतून जर्मन भाषा नांदू लागली.

पहिल्या महायुद्धात मात्र हेच नाव संशयास कारण ठरले. मे १९१६ मध्ये नामांतरासाठी मतदान झाले. बाजूने १,५६९ आणि विरुद्ध १,४८८ मते पडली. अवघ्या ८१ मतांनी गावाचे नाव गेले! नवे नाव निवडताना बहुतेक मतदार घरीच राहिले. 'किचनर' हे नाव केवळ ३४६ मतांवर निवडले गेले. हे लॉर्ड किचनर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते.

नाव गेले, परंतु परंपरा गेली नाही. १९६९ पासून तेथे 'ऑक्टोबरफेस्ट' हा जर्मन उत्सव मोठ्या प्रमाणावर साजरा होतो.

१९५७ मध्ये वॉटर्लू विद्यापीठाची स्थापना झाली. काही महिने अध्ययन आणि काही महिने उद्योगधंद्यांत सवेतन काम, ही तेथील शिक्षणपद्धती सर्वत्र नावाजली गेली. देशोदेशींचे विद्यार्थी या परिसरात आले. कॅनडास जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत २०१८ नंतर अनेक वर्षे भारतीयांची संख्या सर्वाधिक होती. त्यामुळे भारतीयांच्या वस्तीशीही या नगरांचा निकटचा संबंध आला.

विद्यार्थी वाढले, त्या मानाने घरे वाढली नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या केंद्र शासनाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. घरांची टंचाई खरी होती. परंतु टंचाईचा दोष नवागताच्या माथी मारणे सोपे असते. १९१६ मध्ये युद्धाचा रोष शेजाऱ्याच्या भाषेवर निघाला होता, हे तेथील जाणत्या नागरिकांस विसरता येणार नाही.

आपल्या गावीही ऊसतोडणीसाठी, वीटभट्टीसाठी परमुलखातील कुटुंबे येतात. गावाचे नाव ठरावाने बदलता येते. शेजारधर्म मात्र पाणी, निवारा आणि मुलांची शाळा यांच्या व्यवस्थेतूनच उभा राहतो. ती व्यवस्था वेळीच करणे हे ग्रामपंचायतीचे व शिक्षकांचे कर्तव्य आहे.